शिल्लक आजारपणाची रजा

"मी वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, नोव्हेंबर महिन्यात, एक पैसा मागे न ठेवता आणि एक पैसा कमी पडू न देता या जगातून जाणार आहे," इन्स्पेक्टरांनी उभं राहून जाहीर केलं.

टेबलाभोवती शांतता पसरली. अशा वाक्यानंतर ती पसरावी अशीच त्यांची योजना होती.

"नोव्हेंबरात कधी?" मांडीवरच्या पडद्याला टाचण्या लावत आईने विचारलं. "पंधरा तारखेपर्यंत माझ्याकडे ऑर्डरी असतात."

"शेवटच्या आठवड्यात," इन्स्पेक्टर म्हणाले. त्यांना विनोद कळत नसे असं नाही. कळला की ते त्याला उत्तर देत, एवढंच.

इन्स्पेक्टर लिफ्टचे होते, पोलिसांचे नव्हते. पण छत्तीस वर्षं लोकांना लिफ्टबाहेर काढून आपण आत शिरायचं, या सवयीने चेहऱ्यावर तसलाच अधिकार आला होता. घरात समोर त्यांना बाबा म्हणत आणि पाठीमागे इन्स्पेक्टर. निवृत्तीला त्रेचाळीस दिवस उरले होते आणि या रविवारी दुपारी त्यांनी सगळ्यांना जेवणाच्या टेबलाशी बोलावलं होतं. बोलावणं लेखी होतं. त्यांची थोरली बहीण त्याच घरात पलीकडच्या खोलीत राहायची. तिलाही चिठ्ठी दाराखालून सरकवून मिळाली होती. तिने त्याच चिठ्ठीच्या मागे "येते" असं लिहून ती परत सरकवली होती.

प्रत्येकासमोर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आराखड्याची एकेक प्रत होती. मथळा: 'पुढील बावीस वर्षांची देखभाल'. रकाने त्यांनी ऑफिसच्या तपासणी तक्त्यावरून जसेच्या तसे उचलले होते. भाग, बसवल्याचा दिनांक, अपेक्षित आयुष्य, दुरुस्ती, खर्च. फ्रिज, गिझर, गच्चीची गळती, पेन्शन, नवा आरोग्य विमा, सगळं ओळीने. फ्रिजचं अपेक्षित आयुष्य अकरा वर्षं होतं. दाढांचं नऊ.

"मी कुठाय रे यात?" आत्याने चष्मा कपाळावर चढवत विचारलं.

"नवव्या ओळीत, ताई."

"नववी ओळ 'इतर' आहे."

"त्यातच. तू आणि गच्चीची गळती."

आत्या चौऱ्याहत्तरची. सगळी नोकरी टेलिफोन ऑपरेटरची. दोन माणसांच्या बोलण्यात नेमकं कधी शिरायचं आणि कधी लाइन तोडायची, हे तिच्याइतकं घरात कोणालाच कळत नव्हतं. ती "बरं" म्हणाली आणि लाइनवर राहिली.

इन्स्पेक्टरांनी ओळीवर पट्टी ठेवून वाचायला सुरुवात केली. पहिल्या चार ओळी सुरळीत गेल्या. पाचवी सुरू होणार तोच आईने पान उलटलं, मागची बाजू पाहिली आणि पुन्हा सुलटं केलं.

"अहो, ब्याऐंशीच्या नोव्हेंबरनंतर यात काहीच नाही."

"आराखडा तिथे संपतो."

"आणि मी?"

"तू धरलेली आहेस त्यात."

"कुठे?"

इन्स्पेक्टरांनी पट्टीचं टोक एका ओळीवर टेकवलं. 'स्वतः व पत्नी'.

"म्हणजे मीही त्याच आठवड्यात?"

मुलीला हसू फुटलं आणि तिने ते चहाच्या कपात सोडलं. ती एका मोठ्या हॉस्पिटलात बिलाच्या खिडकीवर बसायची. माणसं हसत नाहीत अशाच जागी दिवस जात असल्यामुळे घरी तिला लवकर हसू यायचं.

"मुख्य मोटर बंद पडली की लिफ्ट बंद," इन्स्पेक्टर खुलासा करते झाले. "त्या हिशेबाने धरलं होतं."

"माझी आई शहाण्णव वर्षांची होऊन गेली," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता, टाचण्याही थांबल्या नव्हत्या. "मी तुमच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. तुम्ही तुमच्या नोव्हेंबरात गेलात की मी अठ्ठ्याहत्तरची. पुढची अठरा वर्षं मी काय खायचं? हा फोल्डर?"

"बाबा, लिफ्टच्या वायर-रोपला गरजेच्या किती पट ताकद धरता हो तुम्ही?" मुलीने विचारलं.

"बारा पट."

"आणि आईला?"

"माणसाला असा नियम नाही," इन्स्पेक्टर म्हणाले. पण त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि त्या ओळीपुढे बारीकसं प्रश्नचिन्ह केलं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी स्वतःच्या तक्त्यावर प्रश्नचिन्ह केल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

थोरल्या मुलाने हीच संधी साधली. "म्हणूनच मी म्हणतोय ना, आई. वेगळं राहायचंच कशाला? एकत्र राहू. जागेचा खर्च शून्य, माणूस कायम हाताशी." त्याने पायाशी ठेवलेली नळी उघडली आणि टेबलभर नकाशा पसरला. तो आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन होता. दुसऱ्यांची घरं रेखता रेखता चाळिशी जवळ आली होती आणि स्वतःचं घर अजून कागदावर होतं. पण कागद उत्तम होता. खोल्या, खिडक्या, दार कुठल्या बाजूला उघडेल त्याची कमानदार रेघ, सगळं. एका कोपऱ्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: 'आई-बाबा, ८ × ९'.

आई वाकून पाहू लागली. "हे काय शेजारी?"

"स्टोअर."

"ते केवढं आहे?"

थोरला घोटाळला. "दहा बाय नऊ. त्यात सामान ठेवायचं असतं."

आईने गळ्यातली टेप काढली. खुर्ची मागे सारली, फरशीवर आठ फूट मोजले, नऊ फूट मोजले आणि चार कोपऱ्यांवर चार रिळं ठेवली. मग शांतपणे त्या चौकोनात जाऊन उभी राहिली.

"इथे माझं कापायचं टेबल. सात फूट लांब. इथे मशीन. आता पलंग आत आणला तर मी बाहेर. मी आत आले तर पलंग बाहेर."

"आई, तू अजून किती वर्षं पडदे शिवणार आहेस?"

"ते तुझ्या बाबांच्या तक्त्यात बघ. अपेक्षित आयुष्याच्या रकान्यात."

"मुलगा काही चुकीचं बोलत नाहीये," इन्स्पेक्टर मध्ये पडले. आतापर्यंत या टेबलावर बापलेक एका बाजूला होते आणि मायलेकी दुसऱ्या. आत्या दोन्हीकडचं ऐकत होती. "मी त्याला बयाण्याचे सहा लाख देतो म्हटलंय. सोय आहे त्याची. बाराव्या ओळीत बघा."

सगळ्यांनी बारावी ओळ पाहिली. 'शिल्लक आजारपणाची रजा: ३०२ दिवस. सहा लाख चार हजार.'

या ओळीवर इन्स्पेक्टरांचा आवाज नेहमी थोडा बदलायचा. काही लोक मुलांबद्दल जसं बोलतात तसे ते या ओळीबद्दल बोलत. छत्तीस वर्षांत त्यांनी आजारपणाची एकही रजा घेतली नव्हती. ताप आला तरी ते लिफ्टमध्ये उभे असत आणि तो ताप वरखाली होई. कंपनीचा नियमही तसाच होता. निवृत्तीच्या दिवशी तीनशे किंवा त्याहून जास्त दिवस शिल्लक असले, तर पुऱ्या पगाराने पैसे; दोनशे नव्याण्णव असले, तर अर्ध्याने. माणूस कधीच आजारी पडू नये म्हणून कंपनीने आखलेला हा नियम होता आणि तो लागू पडलेला कंपनीच्या इतिहासातला बहुधा हा एकच माणूस होता.

"तीनशे दोन," इन्स्पेक्टर पुन्हा म्हणाले. "म्हणजे अजून दोन दिवस आजारी पडायची मला मुभा आहे."

"हं," आई चौकोनातून बाहेर येत म्हणाली. "आता सतरावी ओळ वाचा."

इन्स्पेक्टरांची पट्टी तेराव्यावर होती. "क्रमाने घेऊ."

"सतरावी."

*

नऊ दिवसांपूर्वी आईने नवऱ्याच्या युनिफॉर्मची पँट कमरेला सैल करायला घेतली होती. खिसे उलटे करणं हा तिचा धंद्याचा भाग होता, संशयाचा नव्हता. गिऱ्हाइकांच्या खिशांतून तिने आजवर किल्ल्या, प्रेमपत्रं आणि एकदा जिवंत गोगलगाय काढली होती. यावेळी चार घड्यांचा कागद निघाला. त्यावर नवऱ्याचं नाव, खाली नागमोडी रेघा आणि त्याखाली डॉक्टरांचं दोन ओळींचं मत.

ते मत तिला कळलं. नीटच कळलं.

त्याच रात्री विचारता आलं असतं. पण सदतीस वर्षांच्या संसारात तिला एक गोष्ट पक्की ठाऊक झाली होती. या माणसाला एकट्याला गाठलं, की तो सगळं कबूल करतो, आभार मानतो आणि काहीच करत नाही. चारचौघांत मात्र तो तोंडातून निघालेल्या शब्दाला बांधला जातो. म्हणून ती थांबली. नऊ दिवसांत तिने अकरा खिडक्यांचे पडदे शिवले, नवऱ्याशी हवेबद्दल बोलली आणि रोज पहाटे तो उठायच्या आधी त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवून सावकाश मोजलं.

आता इन्स्पेक्टर वाचत होते. "किरकोळ दुरुस्ती, कंसात स्वतः. एक लाख दहा हजार. केव्हा, निवृत्तीनंतर, सवडीने. पुढे अठरावी ओळ, नळ—"

"अहो, किरकोळ म्हणजे काय?"

"दात."

"एक लाखाचे दात?" आत्या म्हणाली. "बाळ्या, हत्तीचे बसवतोयस का?"

"दात आणि इतर."

"इतर तर मी आहे."

इन्स्पेक्टरांनी पट्टी खाली ठेवली. आई त्यांच्याकडे पाहत राहिली. दहा सेकंद, पंधरा. तिने त्यांना पुरता वेळ दिला. ते म्हणाले असते, तर तिला आवडलं असतं. पण त्यांनी नळाची ओळ पुन्हा वाचायला घेतली, तशी तिने टाचण्यांच्या डब्याचं झाकण काढलं, तळाशी घातलेला कागद उचलला आणि चारही घड्या उलगडून नकाशावर ठेवला. तो नेमका 'आई-बाबा, ८ × ९' वर बसला.

"चिमे, वाच. तुला येतं हे वाचायला."

*

मुलीला ते खरोखरच वाचता येत होतं. बिलाच्या खिडकीवर चौदा वर्षं बसलं, की माणसाला रोग कळत नसले तरी त्यांच्या किमती कळतात आणि किमतीवरून रोग कळतो.

"चोवीस तासांची नोंद," तिने वाचलं. "पट्टा लावून. बाबा, हा पट्टा लावून तुम्ही कामावर गेला होतात?"

"डॉक्टर म्हणाले, नेहमीचा दिनक्रम ठेवा."

"हृदय मध्ये मध्ये थांबतंय. सगळ्यात मोठा खंड चार पूर्णांक दोन सेकंद. सकाळी अकरा चाळीस." तिने वर पाहिलं. "अकरा चाळीसला कुठे होतात?"

"बाराव्या मजल्यावर. मोटर रूममध्ये."

"एकटे?"

"जरा बसलो. मग बरं वाटलं. व्होल्टेज पडल्यासारखं झालं एवढंच."

"पेसमेकर लवकरात लवकर बसवावा," तिने शेवटची ओळ वाचली. लवकरात लवकर या शब्दांखाली डॉक्टरांनी रेघ मारली होती. "तारीख तेवीस दिवसांपूर्वीची आहे."

 आत्याने चष्मा डोळ्यांवर उतरवला.

 मुलीच्या हातांनी पेन उचललं. खिडकीवरची सवय. समोरच्याला रडू येतंय असं दिसलं, की आधी आकडा लिहायचा. आकड्याकडे बघताना माणूस थोडा सावरतो, हे तिने शेकडो वेळा पाहिलं होतं. स्वतःवर वापरून मात्र पहिल्यांदाच बघत होती.

"एक लाख दहा हजार कोणी सांगितलं तुम्हाला?"

"आमचा जुना फोरमन. त्याने बसवून घेतला होता."

"कधी?"

"ऑफिस नव्या इमारतीत गेलं त्या वर्षी."

"बाबा, तेव्हा मी सातवीत होते. आता साडेचार लाख. आणि हे बघा." तिने आराखडा उलटा करून कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली. "कंपनीचा विमा आहे तुम्हाला. आज बसवला तर आपल्याला एक पैसा नाही. पण तो विमा निवृत्तीच्या दिवशी संपतो. चव्वेचाळिसाव्या दिवशी हेच मशीन, हाच डॉक्टर, हेच हृदय, साडेचार लाख. स्वतःच्या खिशातून."

"नवा विमा घेतलाय मी. सोळावी ओळ."

"त्याची अट वाचलीत? आधीपासून असलेल्या आजाराला पहिली तीन वर्षं काही मिळत नाही."

"मग तीन वर्षं थांबेन."

"चार सेकंद थांबता तेच पुष्कळ झालं," आई म्हणाली.

"फॉर्मवर आजार लिहिलाच नाही तर?" थोरल्याने हळूच विचारलं. विचारल्यावर त्याचं त्यालाच कसंसं झालं.

"मी तपासणीच्या कागदावर खोटं लिहीत नाही," इन्स्पेक्टर ताडकन म्हणाले.

"घरच्या कागदावर लिहिलंत की," आई म्हणाली. "किरकोळ."

 इन्स्पेक्टर पेन्सिलीने पट्टीच्या कडेवर रेघ ओढत राहिले.

"तू हिशेब पुरा कर," शेवटी ते मुलीला म्हणाले. "एक बाजू मांडलीस, दुसरीही मांड. पेसमेकर बसवला की डॉक्टर मला मोटर रूममध्ये जाऊ देणार नाही. म्हणजे उरलेले त्रेचाळीसच्या त्रेचाळीस दिवस रजा. तीनशे दोनातून त्रेचाळीस गेले?"

"दोनशे एकोणसाठ."

"तीनशेच्या खाली. म्हणजे अर्ध्या पगाराने. सहा लाख चार हजारांचे होतात दोन लाख एकोणसाठ हजार. साडेतीन लाखांचं नुकसान. आणि याचा बयाणा?" त्यांनी नकाशाकडे हनुवटी केली. "मी याला शब्द दिलाय."

*

थोरल्याला आधी राग आला. राग येणं त्याला सोयीचं होतं, कारण त्याच्या मागे जे उभं होतं ते फार अवघड होतं.

"म्हणजे माझ्या बयाण्यासाठी तुम्ही..." तो उठून उभा राहिला. "मी मागितले होते का? तुम्हीच म्हणालात, सोय आहे. मला वाटलं फिक्स्ड डिपॉझिट असेल! मला काय माहीत, तुम्ही बाराव्या मजल्यावर बसून ते जमवताय!"

"ओरडू नकोस," इन्स्पेक्टर म्हणाले. "पैसे कुठून आले याने नकाशा बदलत नाही."

"बदलतो!"

त्याने नकाशा गुंडाळायला घेतला. रिपोर्टचा कागद त्यात अडकला, म्हणून पुन्हा उलगडावा लागला. या खटपटीत त्याचा राग थोडा ओसरला. एरवी तो नेहमी बाबांच्या बाजूने असायचा. लहानपणी ते त्याला रविवारी मोटर रूममध्ये नेत आणि मोठं चाक फिरताना दाखवत. ब्रेक कसा लागतो, रोप कुठे झिजतो, सगळं. त्याला सरळ रेघ मारायचा नाद लागला, तो तिथेच.

"बाबा," तो जरा वेळाने म्हणाला. "दोन मजल्यांच्या मध्ये चार सेकंद अडकणारी लिफ्ट असेल, तर काय करता तुम्ही?"

"पाटी लावतो. बंद आहे."

"लोक म्हणतात, रोज तर चालतेय."

"लोक काहीही म्हणतात. त्यांना जिना चढायचा नसतो. चार सेकंदांचा अर्थ असतो, की आत कुठेतरी..." इन्स्पेक्टर थांबले. समोरचा मुलगा कुठे घेऊन चाललाय हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पण कामाच्या प्रश्नाला अर्धवट उत्तर देणं त्यांना जमत नसे. "की आत कुठेतरी संपर्क तुटतोय. आणि पुढच्या वेळी तो चारच सेकंद तुटेल याची हमी नाही," त्यांनी वाक्य पुरं केलं.

"मग?"

"मग काही नाही. माणूस म्हणजे लिफ्ट नाही."

"बघा!" आई म्हणाली. "मघापासून मी हेच सांगतेय. फक्त मला मुख्य मोटरसकट बंद करताना तुम्हाला ते आठवलं नव्हतं."

टेबलाच्या एका बाजूला आता इन्स्पेक्टर एकटे होते. त्यांनी बहिणीकडे पाहिलं. साठ वर्षांत ती त्यांच्या विरुद्ध कधी गेली नव्हती. लहानपणी आईच्या मारापासून, मोठेपणी बायकोच्या बोलण्यापासून तिनेच त्यांना वाचवलं होतं. पडद्यांसाठी बायकोला पहिलं मशीन घ्यायला त्यांनी नकार दिला, तेव्हाही ती त्यांच्याच बाजूने राहिली होती आणि ते बायकोने अजून विसरू दिलं नव्हतं.

"ताई, तू सांग. तुझं काय मत?"

आत्याने चहाचा शेवटचा घोट घेतला.

"आपले बाबा गेले तेव्हा तू पंधराचा होतास," ती म्हणाली. "छापखान्यात, मशीनपाशीच. दुसऱ्या आठवड्यात मला ऑफिसात बोलावलं. तिथल्या कारकुनाने पाकीट पुढे केलं आणि माझं अभिनंदन केलं. म्हणाला, तुमच्या वडिलांची एकशे बारा दिवस रजा शिल्लक होती, इतकी चांगली हजेरी आमच्याकडे कोणाचीच नाही. मी थँक्यू म्हटलं. ऑपरेटर होते ना. कोणी काहीही बोललं तरी थँक्यूच म्हणायची सवय."

"ते पैसे..."

"त्यातच तुझा लिफ्टचा कोर्स झाला. फी, पुस्तकं आणि ती खाकी बॅग."

इन्स्पेक्टरांनी विचार केला. ते हिशेबाने चालणारे होते. "म्हणजे उपयोग झाला."

"झाला की. पुरेपूर झाला. मी कुठे नाही म्हणते?" आत्याने कप बशीत ठेवला. "पण त्या एकशे बारांतली एक दुपार मला हवी होती रे, बाळ्या. एकच. त्यांना छातीत दुखत होतं, हे मला माहीत होतं. मी म्हटलं होतं, आज राहा घरी. ते म्हणाले, रजा मोडते." तिने बशी थोडी पुढे सरकवली. "कारकुनाला मी थँक्यू म्हटलं, ते अजून मला सलतंय. तुझ्या ऑफिसातही कारकून आहेत. मी आता चौऱ्याहत्तरची आहे आणि पुन्हा कोणाला थँक्यू म्हणायला जाणार नाही. एवढंच माझं मत."

लाइन तुटली.  आईने पडद्याची घडी घातली आणि तो खुर्चीच्या पाठीवर टाकला. दुपारभरात तिचे हात पहिल्यांदाच रिकामे झाले होते.

"चिमे, काय काय करायचं असतं?" तिने विचारलं.

"उद्या सकाळी नऊला मी विम्याची पूर्वमंजुरी टाकते. दोन दिवसांत येते. गुरुवारी अ‍ॅडमिट, शुक्रवारी बसवतात. सोमवारी घरी. पण ऑफिसचा रजेचा अर्ज सोबत लागतो. आजच्या तारखेचा."

"लिहा," आई नवऱ्याला म्हणाली.

"आपण जरा विचार—"

"नऊ दिवस केलाय मी. तुम्ही तेवीस केलाय. आता लिहा. आणि ऐका, बयाणा नाही दिला तरी याचं घर होईल. दोन वर्षं उशिरा होईल. मी दोन खिडक्या जास्त शिवेन."

"आई, तू नको," थोरला म्हणाला. "मी स्टोअर काढून टाकतो नकाशातून. छोटं घर घेतो. माझी सोय मी बघेन. तुम्ही दोघं इथेच राहा."

"इथेच राहणार आहोत. आणि हा जो तक्ता आहे ना," तिने फोल्डर उचलला, "तो माझ्या शहाण्णवपर्यंत पुन्हा करायचा. माझ्या पुढे माझी स्वतःची ओळ. पेन्शनचं अर्धं मला कधी मिळतं, किती मिळतं, औषधांना काय ठेवलंय, सगळं. वन्संनाही गळतीपासून वेगळं काढा. करायला तुमच्याकडे त्रेचाळीस दिवस आहेत. घरी बसून."

इन्स्पेक्टर तिच्याकडे बघत राहिले. मग मुलीने पुढे सरकवलेल्या कोऱ्या कागदाकडे. 'महोदय' लिहून ते अडले.

"पुढे काय लिहितात?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. इतरांचे असे शेकडो अर्ज त्यांच्या टेबलावरून गेले होते आणि प्रत्येक वेळी त्यांनी फक्त तारीख तपासली होती.

"माझी प्रकृती ठीक नसल्यामुळे," मुलगी म्हणाली.

त्यांनी पेन टेकवलं आणि उचललं. "असं सरळ?"

"सरळ."

"'अपरिहार्य कारणामुळे' चालेल?"

"नाही," चौघं एकदम म्हणाले.

त्यांनी लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच, छापल्यासारखं. फक्त 'ठीक नसल्यामुळे' ला शाई थोडी जास्त उतरली. किती दिवस, तिथे आले तेव्हा पेन पुन्हा थांबलं. आईने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. लोकांना वाटलं असतं, धीर देतेय. ती मोजत होती.

"त्रेचाळीस," ती म्हणाली.

इन्स्पेक्टरांनी आकडा लिहिला, कंसात अक्षरी लिहिला आणि खाली सही केली. मग टेबलाला धरून सावकाश उभे राहिले. थोरला नकळत पुढे झाला, पण त्यांना आधाराची गरज नव्हती. त्यांचे डोळे भरले होते आणि मान ताठ होती.

"छत्तीस वर्षांत," ते म्हणाले, आणि अर्जाचा कागद वर धरला. "छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच मी, पूर्ण शुद्धीत, सगळ्यांच्या समक्ष..."

"उठलाच आहेस तर तेवढी माझी उशी दे," आत्या म्हणाली. "दोन तास बसलायस तिच्यावर."